डावीकडचा दीड इंच

२ सप्टेंबर

मापाची वही पाठीमागून उघडली आणि लिहायला बसले. पुढून गिऱ्हाइकांच्या छात्या-कंबरा आहेत, मागून मी. मध्ये कुठेतरी गाठ पडेल तेव्हा वही संपली म्हणायची.

निमित्त असं, की कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाचे बारा गणवेश शिवायचं काम आज मिळालं. हंगामाचा पहिला सामना आठ नोव्हेंबरला. जुने लाल गणवेश प्रशिक्षकबाईंनी गठ्ठा करून आणून टाकले आणि म्हणाल्या, यांच्या पिशव्या करून द्या, चेंडू ठेवायला. म्हणजे परतीचा रस्ताच बंद. नवीन कापड निळं आहे. ताका टेबलावर उलगडला तर अख्खं दुकान पाण्याखाली गेल्यासारखं झालं. मी दुपारभर त्यात पाय सोडून बसले होते, काम काही झालं नाही.

काम वेळेवर होईल, ते सांगायला नको. अठ्ठावीस वर्षांत माझ्या दुकानात "पुढच्या आठवड्यात या" हे वाक्य कुणी ऐकलेलं नाही. बाकीचे शिंपी हेच वाक्य शिवून पोट भरतात.

संघात माझी भाची आहे. बहीण-मेहुणे दूर नोकरीला, म्हणून कॉलेजपुरती माझ्याकडे, दुकानावरच्या खोलीत. उंची सहा फूट एक इंच. गल्ली तिला शिडी म्हणते. मला ते नाव आवडत नाही, पण हाक मारताना तोंडात तेच येतं, आणि तीही ओ त्यालाच देते.

४ सप्टेंबर

शिडी फॉरवर्ड खेळते. म्हणजे काय, ते मला निवृत्त पोस्टमास्तरांनी समजावलं: रिंगच्या पायथ्याशी उभं राहायचं, कोपरं खायची, आणि चेंडू वर असेल तेव्हा आपणही वर असायचं. पोस्टमास्तर रोज अकरा ते एक माझ्या बाकावर असतात. शर्ट त्यांनी गेल्या चार वर्षांत एकही शिवलेला नाही.

आज त्यांनी त्रैराशिक मांडलं. मार्चमधल्या अंतिम सामन्यात शिडीला शेवटची अकरा मिनिटं खेळवलं. अकरा मिनिटांत सतरा गुण. तर चाळीस मिनिटांत किती?

"बासष्ट," त्यांनी चष्मा पुसत सांगितलं. "एकसष्ट पूर्णांक आठ, पण आपण वरचा धरू."

"माणसाला दम लागतो," मी म्हणाले.

"दम धरूनच आहे ते."

समोरचा औषधवाला व्यवहारी माणूस. तो म्हणाला, बासष्ट फार होतात, तीस धरा. त्याने दुकानातल्या पाटीवर खडूने लिहूनच टाकलं: शिडी – दर सामन्याला ३०. ज्या पाटीवर काल जंतांच्या गोळ्यांची जाहिरात होती, तीच पाटी. शेजारचा न्हावी दाढी अर्धी टाकून ते बघायला गेला. ज्याची दाढी, तोही मागून गेला.

मी हसले त्यांना. पण खरं लिहायचं तर मलाही ती मार्चमधली उडी सोडत नाही. शेवटचं अर्धं मिनिट होतं. ती दोन मुलींच्या मधून वर गेली, आणि वर जातच राहिली. वरच्या झरोक्यातून उन्हाचा पट्टा येत होता, त्यात तिचा हात गेला, मग चेंडू, मग ती. लहानपणी पतंग तुटून जाताना बघायचे तसं काहीसं झालं. खाली आलेली मला आठवतच नाही. मशीनवर बसले की रोज दुपारी ती पुन्हा वर जाते.

७ सप्टेंबर, रविवार

शिडीचं माप घेतलं. आमच्या धंद्यात माप एकाच अंगाचं घेतात. कापड दुहेरी घडी घालून बेतायचं, कात्री एकदाच चालवायची, की डावं-उजवं आपोआप सारखं निघतं. देवाने केलेली चूक कापडात येत नाही.

मांडीचा घेर घेतला, एकवीस. तेवढ्यात न्हावी सुई मागायला आला. परत आले तोवर ही बया उलटी फिरून उभी. आकडा विसरायला नको म्हणून पुन्हा घेतला, तर साडेएकोणीस.

"हलू नकोस," मी म्हणाले.

"हललेच नाही."

टेप जुनी झाली, दुसरं काय. कापडी टेप ताणून ताणून कधी खरं बोलत नाही. वहीत एकवीस लिहिलं.

"मावशी, पँट जरा लांब ठेवशील? गुडघ्याखाली."

"आता लांबची फॅशन आहे का?"

"हो," ती म्हणाली. "सगळ्याच घालतात."

बाकी अकरा जणींनी गुडघ्याच्या वर सांगितली आहे. फॅशन माझ्या घरापासूनच सुरू होणार असं दिसतं.

१६ सप्टेंबर

औषधवाला आज आपण होऊन विचारायला आला. "गुडघे कसे आहेत आता?"

"कुणाचे?"

"तुमचे. शिडी मलम घेऊन जाते ना तुमच्यासाठी. परवा तर गुडघ्याची पट्टीही नेली. मोठ्या मापाची."

माझे गुडघे उत्तम आहेत. पायमशीन चालवणाऱ्या बाईचे गुडघे तिच्या आधी मरत नाहीत. पण पोरीने न सांगता माझ्या म्हातारपणाची तयारी चालवलेली बघून बरं वाटलं. तिला काही बोलले नाही. चांगुलपणा पकडला गेला की माणूस तो सोडून देतो. औषधवाल्याला म्हणाले, बरे आहेत, उतार आहे.

संध्याकाळी जेवताना मी तिला म्हणाले, "तीस तरी करशील ना गं?" तिने चमचा खाली ठेवला. मग उचलला. "करेन की."

लाजली असणार.

३ ऑक्टोबर

सराव सुरू झाला. मैदान दुकानाच्या मागे, त्यामुळे चेंडूचा आवाज दिवसभर भिंतीतून येतो. मला घड्याळ लागत नाही. जलद धपधप म्हणजे पाच, आवाज थांबला म्हणजे पाणी प्यायला गेल्या, म्हणजे सव्वापाच. तिचा आवाज मी वेगळा ओळखते. गेल्या वर्षी ती उडी मारून खाली आली की एकच धप् व्हायचं, पोतं टाकल्यासारखं. यंदा दोन होतात, एक जोरात, एक हळू. धप्, टप्. प्रशिक्षकबाईंनी काही नवीन पद्धत शिकवलेली दिसते.

आणखी एक. जिन्याला अठरा पायऱ्या. पूर्वी ती दोन-दोन चढायची, नऊ आवाज. हल्ली अठरा मोजते. वयाने पोक्तपणा आला. बहिणीला कळवायला हवं.

आज दुपारी कात्रीसमोर डोळा लागला. निळं कापड खिडकीतून बाहेर गेलं, मैदानावर पसरलं, आणि शिडी त्याच्यावर उड्या मारत होती. दर वेळी कापडात खोल जाऊन वर यायची. जाग आली तर पोस्टमास्तर बाकावर. "किती झाले?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले मोजले नाहीत. त्यांना माझी कीव आली.

१९ ऑक्टोबर, रविवार

बाराही गणवेश कच्च्या टाक्यावर तयार. मुली रांगेने येऊन घालून गेल्या. अकरा जणींचे चपखल बसले. शिडीच्या पँटचा डावा पाय झोलतो.

अठ्ठावीस वर्षांत असं झालेलं नाही. उसवलं, पुन्हा घडी घातली, बेतलं तर सारखं. पुन्हा टाके घातले. पुन्हा तिला चढवायला लावलं. उजवा नीट, डावा झोलतो.

"राहू दे ना मावशी. कोण बघतंय पायांकडे."

"अख्खं गाव येणार आहे बघायला. शिडीला आणि माझ्या शिवणीला."

ती खिडकीतून समोर बघत होती. समोर पाटी आहे. औषधवाल्याने तीसचे बत्तीस केलेत. म्हणे, सराव बघून त्याला हुरूप आला. न्हाव्याने तर केस कापायला आलेल्या अनोळखी माणसालाही आठ तारखेला यायचं वचन द्यायला लावलं, वस्तरा मानेवर असताना. मीही कमी नाही. उरलेल्या निळ्या कापडाचा भलामोठा फलक शिवलाय, त्यावर पांढरा चौदा. तो तिचा नंबर. दोन माणसं लागतील धरायला.

प्रशिक्षकबाई भेटल्या. म्हणाल्या, "तुमची भाची हुशार आहे. सरावात जपून खेळते. सगळं हंगामासाठी राखून ठेवलंय पोरीने."

२५ ऑक्टोबर

डावा पाय तिसऱ्यांदा उसवला. माझे डोळे गेले की हात, कळत नाही. आरशासमोर स्वतःच्या बोटांकडे पाहत बसले. माणसाचं कौशल्य जातं तेव्हा आधी एका बाजूने जात असेल का? कुणाला विचारायचं हे. बाकावर पोस्टमास्तर होते, पण त्यांचं तर दोन्ही बाजूंनी शाबूत आहे असं ते समजतात.

उद्या नवीन टेप आणते.

२ नोव्हेंबर, रविवार

नवीन टेप. पिवळी, कडक. दार लोटून घेतलं. शिडीला आरशासमोर उभं केलं आणि आधी उजवी मांडी मोजली, मग डावी.

एकवीस. एकोणीस.

पुन्हा मोजलं. एकवीस, एकोणीस. सप्टेंबरमध्ये साडेएकोणीस होती. म्हणजे जुनी टेप खरं बोलत होती आणि मी तिला खोटं पाडलं. टेप हातात धरून मी खाली बसलेच होते, तशीच बसून राहिले. पँट गुडघ्याच्या वर सरकली होती. आत पट्टी होती, मोठ्या मापाची. मलमाचा वास आला. आणि मग एकामागून एक सगळं आलं, अठरा पायऱ्या, धप् आणि टप्.

"कधीपासून?"

ती आरशातून माझ्याकडे बघत होती. "मार्च."

"त्या उडीपासून?"

"उडी मस्त होती मावशी. खाली येताना पाय कुणाच्या तरी पायावर पडला."

मला खरंच आठवेना. तीनशे माणसं होतो आम्ही तिथे. तीनशेच्या तीनशे अजून वरच बघत होतो.

मे महिन्यात ती आईकडे गेली तेव्हा चष्म्याचा नंबर काढायला जाते सांगून डॉक्टरकडे गेली. गुडघ्यात काहीतरी अर्धं फाटलंय. सहा महिने व्यायाम, उडी अजिबात नाही, मांडी भरून आली की मग बघू.

"आणि उडी मारली तर?"

"अर्ध्याचं पूर्ण होईल. मग ऑपरेशन."

"मग खेळ?"

"मग बहुतेक नाही."

"आणि तू बोलली नाहीस."

"कुणाशी बोलू?" आवाज चढला नाही तिचा, उलट खाली गेला. "पट्टी घ्यायला गेले तर डोक्यावर पाटी. पाटीखाली उभं राहून गुडघा दुखतो कसं म्हणू? तुझं नाव सांगितलं. पोस्टमास्तरकाका जाता-येता बासष्ट म्हणतात. आणि तू तर फलक शिवलास." मग म्हणाली, "सगळे इतके खूश होतात माझ्याकडे बघून. मला वाटलं तेवढं तरी राहू दे."

"आठ तारखेला काय करणार होतीस?"

"खेळणार. पहिल्या पाच मिनिटांत पडणार. सगळ्यांसमोर पडले की कुणी काही म्हणणार नाही."

तिने हे फार विचार करून ठरवलं होतं, वाण्याची यादी करावी तसं.

मी म्हणाले, प्रशिक्षकबाईंना सांगते. ती म्हणाली, "सांगितलंस तर मी त्याच दिवशी हॉस्टेलला जाईन. शप्पथ. मावशी, ते मीच सांगेन नाहीतर कुणीच नाही."

"मग सांग."

"नाही जमत," ती म्हणाली.

५ नोव्हेंबर

अकरा गणवेश देऊन आले. बाराव्याचा शेवटचा हात राहिलाय म्हटलं. प्रशिक्षकबाई म्हणाल्या, तुमचं काय, तुम्ही देणारच.

तिच्याशी बोलायचा प्रयत्न केला. ती पायऱ्या चढून गेली, अठरा. मी खाली उभी राहून मोजल्या. मला तिचा राग येतो, मग आठवतं की चमचा खाली ठेवला तेव्हा मी समोरच बसले होते.

७ नोव्हेंबर

चौदा नंबरचा गणवेश दुपारी पूर्ण झाला होता. इस्त्रीही. हँगरला लावला तर पंख्याच्या वाऱ्याने हलत होता, आता कुणीतरी आत शिरेल आणि उडी घेईल असा.

तीन वाजता उतरवला आणि उसवायला बसले.

खांदे, बगला, मग पाठीवरचा चौदा. आधी एक सुटला, मग चार. उसवताना घाई करून चालत नाही, कापडाला कळता कामा नये. मागे चेंडूचा आवाज येत होता, धप्, टप्, धप्, टप्, आणि त्या तालावर माझी सुई टाके उचलत होती. दोरे मांडीवर साठत गेले. शेवटी टेबलावर निळे तुकडे पडले, सांडलेल्या आभाळासारखे, आणि मला इतकं हलकं वाटलं की मीच वर जाईन की काय. मी लिहितेय ते मला शोभत नाही, पण तसं झालं खरं.

८ नोव्हेंबर, शनिवार

सामना चारला. मी साडेतीनला रिकाम्या हाताने गेले.

"बारावा?" प्रशिक्षकबाईंनी विचारलं.

"झाला नाही."

त्यांना ऐकू आलं नसावं असं वाटून त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. मग जी काय धावपळ झाली. जुने लाल गणवेश? त्यांच्या पिशव्या झाल्या, चेंडू त्यांतच बसलेत. राखीव मुलीची जर्सी शिडीला घालून बघितली, ती बरगड्यांपाशीच थांबली. पंच म्हणाले, यादीतला नंबर अंगावर नसेल तर खेळता येणार नाही. शिडी ट्रॅकसूटमध्ये बाकावर बसली.

गल्ली पूर्ण हजर होती. फलक धरून दोघं उभे होते, त्यांनी तो हळूहळू खाली घेतला.

"तुम्ही?" पोस्टमास्तर म्हणाले. "बाई, तुम्ही?"

"दोरा संपला," मी म्हणाले.

"दोरा," न्हावी मागच्या रांगेला म्हणाला. "शिंपी तो शिंपीच शेवटी. उगाच आपण यांना वेगळं समजत होतो."

औषधवाला माझ्यापासून एक खुर्ची सरकला. अठ्ठावीस वर्षांची अब्रू केवढ्यात जाते ते मला आज कळलं. साधारण दीड मिनिट लागतं.

शिडी बाकावरून माझ्याकडे बघत होती. तिला कळलं होतं. माझ्या दुकानात दोरा संपत नाही हे ती जाणते, तिच्या खोलीतलं अर्धं कपाट दोऱ्यांच्या रिळांनी भरलेलं आहे. मी तिच्याकडे बघितलं नाही. छताकडे बघत बसले, झरोक्यातून ऊन येत होतं.

मध्यंतराला ती उठली. लंगडत उठली. आठ महिन्यांत पहिल्यांदा तिने न लपवता लंगडलेलं मी पाहिलं. प्रशिक्षकबाईंपाशी गेली, वाकली, बोलत राहिली. बाई आधी उभ्या होत्या, मग खाली बसल्या आणि त्यांनी दोन्ही हात तिच्या गुडघ्यावर ठेवले. दुरून ते माप घेतल्यासारखं दिसत होतं.

सामना आपण चार गुणांनी जिंकलो. चष्मा लावणारी एक बुटकी मुलगी आहे, जिचं माप घेताना मला वाकावं लागलं होतं. तिने चोवीस केले. तिच्याकडून कुणी काही मागितलं नव्हतं.

१० नोव्हेंबर

पाटी पुसली गेली. आता लिहिलंय: चष्मेवाली – दर सामन्याला ३५. पोस्टमास्तर बाकावर आले, पण मला पाठ करून बसले आणि त्रैराशिक न्हाव्याला सांगितलं.

अकरा वाजता शिडी औषधवाल्याकडे गेली. मी दारातून बघत होते. पाटीखाली उभी राहिली आणि म्हणाली, "काका, गुडघ्याची पट्टी. माझ्यासाठी." रस्ता ओलांडून मला ऐकू आलं, इतक्या मोठ्याने. औषधवाला एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. त्याचं तोंड पट्टी बांधण्यासारखं झालं होतं.

दुपारी तो दोऱ्याचं एक रीळ माझ्या टेबलावर ठेवून गेला. निळं. मला लागणारी छटा नव्हती ती.

१४ डिसेंबर, रविवार

दर रविवारी मोजतो. डॉक्टरांनी दिलेला व्यायाम ती दुकानातच करते, खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, धरायचा, सोडायचा. पायाला वजन म्हणून माझी जुनी इस्त्री बांधतो. डावी: साडेएकोणीस.

तीन महिन्यांपूर्वी हाच आकडा आला तेव्हा मी टेपला शिव्या दिल्या होत्या. आज पेढे वाटावेत असं वाटलं.

पोस्टमास्तरांना कुठून तरी कळलं. "आठवड्याला एक अष्टमांश," त्यांनी हिशेब केला, "म्हणजे वर्षाने सव्वीस इंच."

"दुसरी एकवीस आहे," मी म्हणाले.

"मग तिलाही कामाला लावा."

मी त्यांना बाकावरून उठवलं नाही. सवय झाली आहे, आणि मलाही दुपारचं कुणीतरी लागतं.

१८ जानेवारी, रविवार

डावी: सव्वावीस.

चौदा नंबर पुन्हा जोडून हँगरला लावलाय. खांदे झाले, आकडे झाले. पँटचा डावा पाय मुद्दाम कच्च्या टाक्यावर ठेवलाय. शिडी व्यायाम करता करता त्याच्याकडे बघत होती. मागे मैदानात चष्मेवालीचा आवाज होता, बारीक, भराभर. तिच्यावर आता चाळीस आहेत म्हणे. तिलाही एकदा बोलावून मोजलं पाहिजे, दोन्ही बाजूंनी.

इस्त्री वर गेली, थांबली, खाली आली. उन्हाचा एक पट्टा जर्सीवर पडला होता आणि कापड पंख्याने हलत होतं. मला पुन्हा ती वर जाताना दिसली. पण या वेळी मी नजर काढली नाही, आणि ती खालीही आली, सावकाश, दोन्ही पायांवर. एकच आवाज झाला.

"मावशी," शिडीने विचारलं, "कधी होईल गं हा तयार?"

अठ्ठावीस वर्षं मी जिभेवर येऊ न दिलेलं वाक्य आलं, आणि मी त्याला अडवलं नाही.

"पुढच्या आठवड्यात ये," मी म्हणाले.